नळीतला आकडा

"गाडी घेऊन ये म्हणले," अंगणात उभा राहून मच्छिंद्र म्हणाला आणि पुढं काही बोललाच नाही. अरुंधती ओसरीच्या खांबाला हात टेकून वाट बघत राहिली. मच्छिंद्र म्हणजे वकीलसाहेबांचा ड्रायव्हर. माघात साहेबांबरोबर निजामी हद्दीपलीकडं, खामगावला गेलेला, तो थेट आज, दिवाळी उलटून गेल्यावर दारात उभा, हातात पेट्रोलचा डबा. खामगावाहून माणूस येतो, नवऱ्याचा निरोप घेऊन येतो, तर निरोप एवढाच कसा असेल? पुढं एखादं वाक्य असणारच. पागोटं काढेल, घाम पुसेल, पाणी पिईल, मग सांगेल. तिनं तांब्याभांडं पुढं केलं. तो घटाघटा पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "बॅटरी तपासून घे म्हणले. अन् ती काचेची नळी चिंध्यांत नीट गुंडाळून संगं आण, इसरू नको म्हणले." बस्स. झाला निरोप. आणि मला? असं विचारायला तिचं तोंड उघडलंसुद्धा, पण त्यातून निघालं ते भलतंच. "जेवून घे आधी," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

चुलीपुढं बसली खरी, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. मच्छिंद्रापुढं भाकरी-पिठलं वाढून झालं, तो ओसरीवर मुकाट जेवायला लागला, आणि तिचे हात आपोआप परातीत दशम्यांचं पीठ काढायला लागले. दुधात पीठ भिजवताना तिच्या ध्यानात आलं, की आपण दोन माणसांचं पीठ घेतलंय. खामगाव लांब. वाटेत नदीबिदीला थांबून खायला लागणार. मच्छिंद्र एकटा काय, कुठंही चहा-चिवड्यावर भागवेल. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "वकिलीणबाई! अवो वकिलीणबाई! मच्छिंद्र आल्ता म्हणं? आलं का बोलावणं अखेर?" ही गोजरबाई. शेजारची, विधवा, जीभ सैल आणि मन मोकळं. गल्लीत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे त्या घरच्या माणसांच्या आधी हिला ठाऊक. अरुंधतीनं पिठाचे हात तसेच धरले आणि म्हणाली, "हो. आलंय." शब्द निघून गेला. आता तो माघारी कसा घ्यायचा? उलट त्याच्यामागून दुसरे निघाले. "गोजरबाई, तुळशीला पाणी घालाल का तेवढं? किल्ली तुमच्याकडंच ठेवून जाईन."

"घालते की! पाणी घालते, दिवा बी लावते. तुम्ही बिलकुल फिकीर करू नका. जावा, जल्दी जावा. मी तर रोज म्हणत होते, ह्या माणसाला काळीज हाय का दगूड. बायकोला इतके दिस एकटं टाकून ऱ्हातं का कुणी?" आणि गोजरबाई खदखदून हसली, जणू तिचंच बोलावणं आलं होतं. "ती हिरवी नेसा. अन् केस नीट घाला जरा, तुमचं तुमच्याकडं लक्षच न्हाई."

खोटं का बोलले मी? अरुंधती पीठ मळता मळता स्वतःलाच विचारायला लागली. पण खोटं तरी कुठं होतं ते? गाडी मागवली, ठीक. बॅटरी बघायला सांगितली, तेही ठीक. पण नळी? नळी घेऊन हे करणार काय? नळीतला आकडा ह्यांना दिसतच नाही. आजवर तो वाचला कुणी? मीच ना? मग नळी मागवली म्हणजे नळी वाचणारीच मागवली. 'अरुंधतीला घेऊन ये' असं ड्रायव्हरपाशी सरळ बोलावं, असा ह्यांचा स्वभावच नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी भूक लागली म्हटलं नाही. 'पानं घेतली का' असं विचारायचे. बरं नाही म्हटलं नाही. 'आज कोर्टात गर्दी नाही' म्हणून घरी पडून राहायचे. आपण समजून घ्यायचं. तर आताही आपणच समजून घ्यायचं. तिला ते इतकं पटलं, की दशमीला तिनं तव्यावर उगाचच थोडं जास्त तूप सोडलं.

आता बॅटरीचं आणि बाईमाणसाचं नातं काय, असं कोणीही विचारील. तिच्या भावानंही विचारलं होतं. पण त्याला सांगावं तरी कसं? तिकडं महायुद्ध चालू होतं तेव्हा साहेबांनी औरंगाबादेच्या कुणाकडून ती काळी मोटर घेतली. मोटरबरोबर ही नळी आली. हायड्रोमीटर, साहेब म्हणायचे. वर रबराचा फुगा, खाली रबराची चोच, मध्ये काचेची जाड नळी, आणि तिच्या पोटात आणखी एक इवलीशी काचेची नळी, बुडाशी शिसं भरलेली, अंगावर आकड्यांची पट्टी. फुगा दाबायचा, चोच बॅटरीच्या खान्यात बुडवायची आणि फुगा हळूच सोडायचा. आतलं तेजाबी पाणी नळीत चढतं आणि ती इवलीशी नळी त्यात तरंगायला लागते. बॅटरीत जीव असला, तर वर येते. जीव कमी होत गेला, की खाली खाली बसत जाते. पाण्याच्या रेषेला जो आकडा लागेल तो बॅटरीच्या तब्येतीचा आकडा. बाराशे ऐंशी म्हणजे ठणठणीत. बाराशे म्हणजे जपून. साडेअकराशे म्हणजे आटोपलं. बॅटरीला तीन खाने, आणि तिन्ही खाने सारखे चालले पाहिजेत. एक जरी मागं पडला, तरी बाकीचे दोघं त्याच्यापायी झिजतात. हे सगळं साहेबांनी तिला सांगितलं ते पहिल्या रविवारी. तोपर्यंत त्यांनी तिला कुठलीच गोष्ट इतकी सविस्तर सांगितली नव्हती.

त्या रविवारी साहेबांनी नळी डोळ्यांसमोर धरली. मग हातभर लांब धरली. मग उन्हाकडं केली, मान मागं नेली, डोळे बारीक केले. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती आणि तिच्या ध्यानात आलं, ह्यांना दिसत नाही. चाळिशी लागली होती, दुसरं काय. पण हे कबूल कोण करणार? चष्मेवाला वकील म्हणजे म्हातारा वकील, पक्षकार तरण्याकडं जातात, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं. कोर्टातले उर्दू कागद ते हाताखालच्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि स्वतः डोळे मिटून ऐकायचे. लोक म्हणायचे, वाहवा, काय एकाग्रता! घरात मात्र ऐकवायला कोणी नव्हतं. "इकडं ये जरा," ते म्हणाले. "काय दिसतं ते सांग." ती चौथीपर्यंत शिकलेली, पण पट्टीवरचे आकडे इंग्रजी. तेव्हा त्यांनी मोटरीच्या धुळीत बोटानं एकेक आकडा काढला आणि तिला म्हणायला लावला. हा दोन. हा पाच. हा सहा, उलटा केला की नऊ. ती सहा आणि नवात दोनदा घोटाळली. ते रागावले नाहीत. पुन्हा काढून दाखवलं.

मग दर रविवारचं ते ठरूनच गेलं. पुढच्या सीटची फळी उचलायची, साहेबांनी बूच काढायचं, नळी बुडवायची, उचलून धरायची, आणि तिनं वाकून आकडा वाचायचा. वाकलं, की त्यांचं डोकं तिच्या डोक्याला लागेल इतकं जवळ. तोंडाला लवंगेचा वास. त्यांच्या मनगटावरची नस उडताना दिसायची. तेजाबाच्या वासानं तिच्या घशात खवखवायचं, पण ती खोकायची नाही, खोकलं तर नळी हलेल. "बाराशे साठ," ती म्हणायची. "बराबर?" "बराबर." एवढंच. तीन खाने, तीन आकडे, तीनदा बराबर. आठवडाभर घरात बोलणं असं व्हायचंच नाही. पाणी, पंचा, पक्षकार आलेत, दार लाव. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं तोही विषय नव्हता, किंवा तोच एक विषय होता आणि म्हणून बाकीचे सगळे बंद. पण रविवारी सकाळी ह्या माणसाला माझे डोळे लागतात, हे तिला ठाऊक होतं. अख्ख्या जालन्यात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. बायका दागिने दाखवतात, ती हे कुणाला दाखवू शकत नव्हती, आणि दाखवायचंही नव्हतं.

आणि ते गोदेच्या पाण्याचं! आठवलं की आजही तिला चुलीपुढं एकटीला हसू फुटलं. साहेब अंबडच्या कोर्टात गेलेले, मुक्कामी. हिनं सहज बूच उघडून बघितलं तर आतल्या पट्ट्या उघड्या पडत आलेल्या. पाणी घालायला पाहिजे, शुद्ध पाणी, हे तिला माहीत होतं. औषधाच्या दुकानातून यायची ती बाटली रिकामी. विहिरीचं चालत नाही, हेही माहीत. मग शुद्ध म्हणजे कुठलं? देवघरात सासूबाईंनी पैठणहून आणलेली गोदावरी होती, तांब्याच्या गडूत झाकण झाळून बंद केलेली. याहून शुद्ध पाणी जालन्यात कुठलं असणार? तिनं आंघोळ केली, ओलेत्यानं गडू फोडला आणि तिन्ही खान्यांत पळीपळीनं गोदावरी सोडली. तांबं उतरलेलं ते पाणी. व्हायचं तेच झालं. महिनाभरात बॅटरी बसली. "काय घातलं होतंस?" साहेबांनी विचारलं. तिनं सांगितलं. ते बघतच राहिले. मग मोटरीच्या पायरीवर मटकन बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अगं, ती बॅटरी आहे, पितर नव्हेत!" महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, आमच्या बॅटरीला मोक्ष मिळाला म्हणून. तिनं चारचौघांत रुसल्यासारखं केलं. आतून तिला वाटत होतं, सांगा, अजून सांगा. आमची, आमच्या, असं म्हणत होते ना ते.

माघात गावातलं वातावरण बिघडलं, तसे एकेक करून लोक हद्दीपलीकडं निघाले. वकिलांवर तर निजामी पोलिसांची नजरच होती. मोटरीनं गेलं तर नाक्यावर अडवतील, म्हणून साहेब डोक्याला मुंडासं गुंडाळून बैलगाडीत बसले, शेजारी मच्छिंद्र. "चार दिवसांत बोलावतो," ते म्हणाले. "तू घर सांभाळ. गाडीकडं लक्ष असू दे. बॅटरी बसू देऊ नको." तिनं मान हलवली. नंतर अंबडहून भाऊ, श्रीपती, न्यायला आला, चांगला छकडा जुंपून. ती गेली नाही. "अगं, गावात काय चाललंय बघतेस ना? कुणासाठी राहतेस इथं?" तो म्हणाला. "बॅटरी कोण बघेल?" ती म्हणून गेली. श्रीपतीनं तिच्याकडं असं बघितलं, जणू हिचं डोकं फिरलंय. "बॅटरी?" तो म्हणाला. "बॅटरी?" पुन्हा म्हणाला, आणि छकडा रिकामा घेऊन गेला. तेव्हापासून त्याचं येणंजाणं थंडावलं.

मग ते महिने. दारं बंद, खिडक्या बंद, भर दुपारी गल्ली सुनी. लांबून आरोळ्या यायच्या, त्या कुणाच्या आणि कशाच्या ते ओळखायचा प्रयत्न करायचा आणि ओळखू आल्या की अंगावर काटा यायचा. गोजरबाई रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून "हायात न?" विचारायची, आणि ती "आहे, आहे" म्हणायची. दिवसभरात तेवढाच काय तो आवाज तिच्या तोंडून निघायचा. रविवार तेवढा तिचा. मोटरखान्याचं दार आतून लावून ती फळी उचलायची. आता नळी धरायची तिनंच आणि वाचायचीही तिनंच. "बाराशे चाळीस," ती मोठ्यानं म्हणायची. "बराबर?" असंही तीच विचारायची, जरा घोगऱ्या आवाजात, आणि "बराबर" तीच म्हणायची. वेड लागल्यासारखंच होतं ते, तिलाही कळत होतं. आकडा बाराशेच्या खाली यायला लागला, की ती हातगाडीवाल्या रखमाजीला बोलावायची आणि बॅटरी गोणपाटाखाली झाकून कापसाच्या जिनिंगमधे पाठवायची. तिथं डायनामो होता, भरून मिळायची. तेजाबाचे थेंब उडून तिच्या लुगड्याला भोकंच भोकं पडली. पण बॅटरी बसू दिली नाही तिनं. ह्यांनी बोलावलं की मोटर निघाली पाहिजे, एका दमात.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. निजामी बुडाली. गल्लीतली कुलपं एकेक उघडायला लागली. माळ्यावर लपवलेली भांडी खाली आली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि दिवाळीला तर घराघरांतून तळणाचा वास. हिच्या घरी वकीलसाहेब आले नाहीत. काम असेल. तब्येत असेल. पावसानं रस्ते खराब असतील. रस्ते वाळले. मग ते आपल्यालाच तिकडं बोलावणार असतील, असं तिनं ठरवलं. मनात एवढे मांडे खाल्ल्यावर आज मच्छिंद्र आला, आणि त्याला साधा एक प्रश्न विचारायचं तिच्यानं होत नव्हतं.

"बाई, निघायला पाहिजे," ओसरीवरून मच्छिंद्र म्हणाला. "उजेडात घाट गाठायचा हाय. बॅटरी तपासता न? मला काही ते इंग्रजी वाचता येत न्हाई."

तिनं दशम्या फडक्यात बांधल्या, हात धुतले आणि नळी घेऊन मोटरखान्यात गेली. मच्छिंद्रानं सीट बाजूला केली, फळी उचलली. तिनं गुडघे टेकले. पहिल्या खान्याचं बूच काढलं, फुगा दाबला, सोडला. इवलीशी नळी डुलत डुलत वर आली आणि स्थिर झाली. बाराशे साठ. आणि त्या क्षणी तिच्या मनात पाप आलं. साडेअकराशे म्हटलं तर? ह्याला काय कळतंय? बॅटरी गेली म्हणायचं. मोटर इथंच राहील. हा रिकाम्या हातानं परत जाईल, मग साहेबांना स्वतः यावं लागेल, तणतणत का होईना येतील, नळी धरतील, म्हणतील, वाच पुन्हा. तिला ते सगळं लख्ख दिसलं. पण एवढे महिने जिवापाड जपलेल्या बॅटरीला आपल्याच तोंडानं मेली म्हणायचं? तिची जीभ रेटेना.

"बाराशे साठ," ती म्हणाली.

"म्हंजे बेस?"

"बेस."

दुसरा खाना. तिनं नळी बुडवली. आता विचारायचं. सरळ नको, आडून. "काय रे मच्छिंद्र," ती नळीकडं बघत म्हणाली, "तिकडं ह्यांचं वाचायचंबिचायचं कोण बघतं? कागद, पत्रं? इथल्यासारखं कोणी असेल ना हाताखाली?"

"हाताखाली कशाला? साहेब सोताच वाचतात न आता," मच्छिंद्र खुशीत येऊन म्हणाला. घरची चांगली बातमी सांगायला मिळाली, असं त्याला वाटलं असावं. "चाळिशी केली न त्यांनी! सोनेरी काडीची. लई झकास दिसून राह्यले. पेपर बी वाचतात, किताबं बी वाचतात, मोटारीचं ते इंग्रजी बुक वाचून मला सांगतात, मच्छिंद्र असं कर, मच्छिंद्र तसं कर. मला म्हणले, आधीच करायला पाहिजे होती रे, इतकी वर्षं उगीच आंधळ्यावानी काढली."

नळीतलं पाणी चोचीतून ठिबकत होतं. थेंब तिच्या पायाजवळ पडत होते. तिनं चोच खान्यावर धरली नाही.

"कधी केली?" तिनं विचारलं.

"लई दिस झाले की. गेल्तो त्याच महिन्यात."

त्याच महिन्यात. म्हणजे इकडं ती भावाचा छकडा परत पाठवत होती, तेव्हा खामगावात सोनेरी काडी निवडणं चाललं होतं. आरशात बघून बघून निवडली असेल, ह्यांना तसं लागतं. त्यानंतरचे सगळे रविवार. ते घोगऱ्या आवाजातलं 'बराबर'. कुणी चव्हाट्यावर उघडं पाडावं, तशी तिला लाज वाटली. मोठी लाज, कानशिलं तापवणारी. राग आला असता तर बरं झालं असतं. आता विचारायचं राहिलंच काय होतं? तरी तिनं विचारलं, कारण आता भीती उरली नव्हती.

"माझ्याबद्दल काही म्हणाले का रे?"

मच्छिंद्राचा चेहरा उतरला. इतका वेळ हा प्रश्न चुकवण्यासाठीच तो मुकाट जेवला आणि निघायची घाई केली, हे तिला आता दिसलं. तो पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळायला लागला. "म्हणले, घरी बाई हायत, मंग जालन्याच्या घराची फिकीर न्हाई," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तिकडं घर घेतलंय भाड्यानं. वकिली बी जमून राह्यली. कुणी म्हणतं, कायमचंच... आता मी काय सांगू बाई? मी ड्रायव्हर माणूस." आणि लगेच, उगाचच मोठ्या आवाजात, "पर तुमचं नाव बराबर काढतात हां! काढतात."

"बरं बरं," ती म्हणाली. त्याला आणखी खोटं बोलायला लावू नये, असं तिला वाटलं. बिचारा चांगला माणूस.

तिसरा खाना राहिला होता. तिनं बूच काढलं, नळी बुडवली, फुगा सोडला, नळी उचलून डोळ्यांसमोर धरली. आकडा दिसेना. ओळच्या ओळ पाण्यात विरघळल्यासारखी. तिनं नळी जवळ आणली, लांब नेली, उजेडाकडं केली. डोळे कधी भरले होते ते तिलाच कळलं नव्हतं. पुसायला हात नेला तर बोटांना तेजाब. तशीच बसून राहिली. मच्छिंद्र फळीला टेकून वाट बघत होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"बाराशे साठ," न बघताच ती म्हणाली.

मग सगळं फार लवकर झालं. मच्छिंद्रानं पेट्रोल ओतलं, बॉनेट पुसलं, आत बसला. बटण दाबलं आणि मोटर एका दमात सुरू झाली. इतके महिने उभी असलेली मोटर, एका दमात! त्यानं दाराबाहेर डोकं काढून कौतुकानं म्हटलं, "काय बॅटरी ठेवली बाई तुम्ही! नवीच म्हणावी!" तिला भरून आलं. ह्या शाबासकीसाठी तिनं काय काय सोसलं होतं, आणि ती मिळाली कुणाकडून, तर मच्छिंद्राकडून. तिनं चिंध्यांत गुंडाळलेली नळी त्याच्या शेजारी सीटवर नीट ठेवली, कलंडणार नाही अशी. दशम्यांचं गाठोडं दिलं. "एवढ्या?" तो म्हणाला. "खा वाटेत," ती म्हणाली. "साहेबाला काय सांगू, बाई?" त्यानं खाली बघत विचारलं. सांगण्यासारखं इतकं होतं, की त्यातलं काय निवडावं हे तिला कळेना. "काही नाही," ती म्हणाली. "सावकाश चालव."

मोटर गल्लीतून बाहेर पडली. दुकानासमोर बसलेल्या माणसांनी माना वर करून बघितलं, एकदोघांनी आत कोण बसलंय ते वाकून बघितलं. मग ती कुंडलिकेच्या पुलाकडं वळली आणि दिसेनाशी झाली. आवाज मात्र बराच वेळ ऐकू येत होता, की ऐकू येतोय असं तिला वाटत होतं. मोटरखाना एकदम केवढा मोठा दिसायला लागला. जमिनीवर तेलाचा डाग आणि चाकांचे माग. उद्या रविवार. उद्या सकाळी उठून काय करायचं? हा प्रश्न इतका सरळ आणि इतका भयंकर होता, की ती तिथंच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"वकिलीणबाई!" गोजरबाई लुगड्याला हात पुसत पुसत येत होती, किल्ली घ्यायला. दारात आली आणि थबकली. रिकाम्या मोटरखान्याकडं बघितलं, मग हिच्याकडं. अंगावर तेच भोकाभोकांचं लुगडं. "अवं, गाडी तर गेली वाटतं," ती म्हणाली. "अन् तुम्ही हिथं कशा?"

अरुंधतीनं तिच्याकडं बघितलं. सगळ्या वाईट दिवसांत रोज भिंतीपलीकडून हाक मारणारी ही बाई. तिच्या खांद्यावर डोकं ठेवावं आणि सांगून टाकावं, सगळं, त्या चाळिशीसकट. गोजरबाई खामगावाच्या दिशेला तोंड करून चार कचकचीत शिव्या हासडेल, मग हिला जवळ घेईल, चहा करून पाजील. एवढं सोपं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बोलावलं होतं हो," अरुंधती म्हणाली. "मीच नाही म्हटलं."

"न्हाई म्हणलं? वकीलसाहेबाला?"

"हो."

"अगं माय!" गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. तिचे डोळे विस्फारले होते आणि त्यात चक्क कौतुक होतं. "लई धीराच्या बाई तुम्ही. नवऱ्याला न्हाई म्हणायचं आम्हाला उभ्या जन्मात जमलं न्हाई." हिला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत बघून, मान हलवत, स्वतःशीच हसत ती आपल्या घराकडं वळली. ती भिंतीआड जाईपर्यंत अरुंधती ताठ उभी राहिली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आता ह्या बाईजवळ रडायची सोय राहिली नाही.